आधी छप्पर, मग बाई

जबलपूरला सिविल लाइंसच्या एका शाळेत मी वर्षानुवर्षं पहिलीच्या पोरांकडून हिंदी अक्षरं घोटून घेतली. पोरं आधी वर लांबलचक रेघ मारून मोकळी व्हायची आणि मग तिला अक्षरं टांगत बसायची. माझा पारा चढायचा. आधी अक्षर, मग डोक्यावरची रेघ, हे मी इतकं ओरडले असेन की झोपेतही बडबडत असेन. आणि रिटायर झाल्यावर चेरीतालच्या माझ्याच घरात, माझ्याच डायनिंग टेबलवर एक पोरगी मला नेमकं उलटं शिकवायला बसली. डोकं फिरणार नाही तर काय?

ही पोरगी म्हणजे माझी सून, तैवानची. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथेच दोघांचं जमलं आणि लग्न करून ते जबलपूरला आले. तिची हिंदी बेताची, मराठी चार शब्दांची. पण 'आई' अशी म्हणते की ऐकत राहावं.

तिला दिवस गेले. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पण तिचं बीपी वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी विमान बंद केलं. तिकडे विहीणबाईंचे यजमान अंथरुणावर, त्यांना सोडून त्या येऊ शकत नव्हत्या. रोज व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकींकडे बघायचो. मी कॅमेरा उलटा करून त्यांना डिंकाचे लाडू दाखवायची, त्या मान डोलवायच्या. डोळ्यांतली काळजी मात्र जागची हलायची नाही. परक्या देशात, परक्या बाईच्या हाती लेक. त्यांच्या जागी मी असते तर माझ्याही घशाखाली घास उतरला नसता. म्हणून मी ठरवलं, बाळंतपणाची खबर त्यांना मी द्यायची, माझ्या हाताने, त्यांच्या अक्षरांत. मुलगा म्हणाला, मैं मैसेज कर दूँगा ना आई. म्हटलं, तू कर तुझा.

अशा वेळी त्यांच्याकडे चार चिनी अक्षरं लिहितात, एकेका अक्षराला आपापला अर्थ. आई, मुलगी आणि पुढची दोन मिळून सुखरूप. मुलगा झाला तर दुसरं अक्षर बदलतं. काय होईल कोणाला ठाऊक, मी दोन्ही शिकायला घेतली. शेवटच्या अक्षरावर माझा भारी जीव जडला. वर छप्पर, त्याच्याखाली बाई. बास, झालं सगळं ठीक. पण मी आपली हाताच्या सवयीने आधी बाई काढायची आणि मग तिच्या डोक्यावर छप्पर ठेवायची, शिरोरेघ द्यावी तसं. सून लगेच माझं बोट धरायची.

"आई, पहले छत."

मी चिडायची. अगं, अक्षर तर सारखंच दिसून राहिलं, मग काहून एवढा हट्ट? एकदा तिने माझ्या हातातलं पेन काढून बाजूला ठेवलं आणि टेबलावर नुसतं बोट फिरवलं. तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली की लहानपणी आईने तिला असंच शिकवलं. आई बोट बघून वाचायची, आणि क्रम चुकला की तिला काही कळायचं नाही. मला ते काही फारसं पटलं नाही. पण एवढं पोट सांभाळत ही रोज माझ्यासमोर बसते, एकदाही वैतागत नाही, हे बघून मी मुकाट गिरवायला लागले. पहिलीच्या पोरांना माझ्यापेक्षा हीच बाई मिळायला हवी होती.

तारखेच्या आधीच एका दुपारी तिचं बीपी एकदम चढलं. सिझेरियन ठरलं. मुलगा औषधं आणायला धावला, माझी पर्स त्याच्या गाडीत राहिली. मी ऑपरेशन थिएटरबाहेर स्टीलच्या बाकावर, हातात सुनेचा फोन. नर्सने दार उघडून सांगितलं, लड़की हुई है, दोनों ठीक हैं. आणि इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं फुटलं, मी ढसाढसा रडायला लागले. नेमका त्याच वेळी फोन वाजला.

विहीणबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि त्या पांढऱ्याफटक पडल्या. मी ओके, ओके म्हणत होते, पण रडत म्हटलेल्या ओकेवर कोणती आई विश्वास ठेवील? त्या काहीतरी विचारत होत्या, पुन्हा पुन्हा तेच. जवळ ना पेन, ना कागद. मग मी कॅमेरा उलटा केला आणि बाकावर बोट टेकवलं.

आई. मुलगी. स्टीलवर एक रेघ उमटत नव्हती. पण पडद्यात त्यांचं बोट त्यांच्या तळहातावर फिरायला लागलं होतं, माझ्या मागोमाग. तिसरं अक्षर झालं. चौथ्याला मी थांबले, डोळे पुसले आणि आधी छप्पर काढलं. खालची बाई पुरी व्हायच्या आत त्यांनी ते मोठ्याने वाचलं, फोन छातीशी धरला, आणि मला पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. यावेळी दोघींचं रडणं एकच होतं.

संध्याकाळी सुनेला वॉर्डात आणलं. गुंगीतच होती. मी तिच्या कानाशी लागून सांगितलं की तुझ्या आईला कळवलं, बोटाने लिहून. बाळाचं विचारायच्या आधी तिने मला विचारलं, "छत पहले डाला ना?"

"हो गं माझ्या बाई," मी म्हटलं, "छप्पर आधी."

तिने हसून डोळे मिटले.