पहिल्या पानावरचे सासरे

मसाल्याच्या दुकानात शोभाकाकू फारसं बोलत नाहीत. गिऱ्हाईक पायरी चढलं की बरणीचं झाकण उघडतात, आणि माणूस मुकाट्यानं पिशवी पुढे करतो. मी त्यांची वेबसाइट बनवली, तर याच काकूंनी पहिल्या पानावर सासऱ्यांचा हार घातलेला फोटो, सत्काराची शाल आणि दुकानाचा इतिहास कोंबायला लावला. मसाला पार तळाशी! तिथवर कोण मरायला जातंय? महिनाभर एकही ऑर्डर नाही.

"काकू, दुकानात आल्या आल्या सासरे दाखवता का?" मी वैतागून विचारलं.

"दुकानात वास येतो रे. तुझ्या पानाला येतो का? मग लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?"

घरी येऊन पान पुन्हा वाचलं. नाकाला झोंबेल असं एक वाक्य मी तरी कुठे लिहिलं होतं?