करजणचं ऊन

ताईचा फोन आला तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरात उभा राहून मनातल्या मनात खूश होत होतो. डिसेंबरातली संध्याकाळ होती. आमची ओट्यामागची खिडकी दक्षिणेला आहे, आणि तिच्यातून आलेलं ऊन थेट चहाच्या भांड्यावर पडलं होतं. इतकी वर्षं त्या घरात राहतोय, पण त्या दिवशी पहिल्यांदाच डोक्यात आलं, की थंडीत सूर्य सरळ पश्चिमेला मावळतच नाही, चांगला दक्षिणेकडे कलतो. म्हणजे करजणच्या मैदानावर हातून सुटलेल्या त्या झेलाच्या वेळी ऊन माझ्या डोळ्यांत होतं, हे आता सिद्ध करता येणार होतं. उद्या सकाळी जाऊन भावोजींना हे कसं सांगायचं, सुरुवात कुठून करायची, याची जुळवाजुळव चालली असतानाच फोन वाजला. "अरू, लगेच ये," ताई म्हणाली. "ते गेले. चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत..." ताईच्या घरी छाणीला पोचेपर्यंत रिक्षात मला रडू आलं. ते बरंचसं दुःखाचं होतं, पण खोटं कशाला बोलू, थोडं रागाचंही होतं. माझ्या बाजूचा इतका पक्का मुद्दा हाती आला, आणि ज्याला ऐकवायचा तो माणूसच उठून गेला.

भालचंद्रराव माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गोरव्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला नग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर जरी फरक असला तरी लाल खूण करून बाजूला ठेवायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हा स्वभाव संध्याकाळी सुटी होताना कारखान्यात ठेवून यायची सोय नव्हती. ताईच्या पोळ्या, माझ्या मुलाचं अक्षर, सोसायटीचं नवं फाटक, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. यातून क्रिकेट तरी कसं सुटणार? बडोद्याच्या मैदानांवरचा एकही सामना त्यांनी चुकवला नसेल. स्वतः मात्र कधी बॅट हातात धरली नाही. "तपासणाऱ्यानं बनवायला बसू नये," असं म्हणायचे. मी मात्र आमच्या क्लबाचा यष्टिरक्षक होतो, आणि बरा होतो. हे मी म्हणत नाही, क्लबातले सगळे म्हणायचे. सगळे म्हणजे भावोजी सोडून.

नव्वदच्या दशकात बडोद्यातल्या बऱ्याच घरांतून एकेक मूल अमेरिकेला गेलं, तशी त्यांची मुलगीही गेली. मग तिच्या बाळंतपणासाठी ताई आणि भावोजी गेले. ताईनं तिथे डिंकाचे लाडू केले. भावोजींना काही काम नव्हतं, म्हणून जावयानं एक दिवस त्यांना गाडीत घालून बेसबॉलचं म्युझियम दाखवायला नेलं. बेसबॉल त्यांना कळला नाही, आवडला तर मुळीच नाही. "हाणला की बॅट टाकून पळतात. वस्तू जागेवर ठेवायची काही पद्धत?" एवढंच त्यांचं मत होतं. पण तिथल्या एका दालनानं मात्र त्यांच्यावर जादू केली. खेळाडूंच्या पितळी पाट्या भिंतीवर ओळीनं लावलेल्या, आणि तिथे जागा मिळायला केवढे नियम! खेळणं थांबवल्यावर पाच वर्षं थांबायचं. मग जाणकारांनी मतं द्यायची. चारांपैकी तिघांनी हो म्हटलं तरच आत, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा यायचं. एवढा मोठा, श्रीमंत देश माणसं अशी तपासून घेतो, हे बघून भावोजींचा ऊर भरून आला. जावई सांगत होता की पाट्यांपुढे ते पायातले बूट काढायला लागले होते.

परत आले ते एक बेसबॉलची निळी टोपी आणि एक बेत घेऊन. बैठकीच्या खोलीतली सोफ्यामागची भिंत त्यांनी रिकामी केली. ताईच्या माहेरचं एक निसर्गचित्र होतं, ते आतल्या खोलीत गेलं, आणि ती 'बडोद्याची मानाची भिंत' झाली. पाट्यांऐवजी फोटो, नियम अमेरिकेचेच, थोडे अधिक कडक. देशासाठी खेळलेल्यांना प्रवेश नाही, "त्यांना भिंती पुष्कळ आहेत." भावोजींनी स्वतः ज्याचा खेळ पाहिला नाही, त्यालाही नाही. आणि चारांपैकी तीन मतं वगैरे नाही. "ते अमेरिकेला ठीक आहे. आपल्याकडे शंभर टक्के. एकही विरोध चालणार नाही."

मतदार चार. स्वतः भावोजी. ताई. शेजारचे जयंतीभाई, ज्यांचा जुन्या शहरात पतंगाच्या दोराफिरकीचा धंदा होता आणि ज्यांना क्रिकेट उत्तम कळायचं. चौथे दिघे सर. ते संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते आणि त्यांना क्रिकेटमधलं काहीही कळत नव्हतं, त्यामुळे त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस सापडणार नाही असं भावोजींचं मत होतं. मतदान वासी उत्तरायणाच्या दुपारी गच्चीवर, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, पतंगांची खरी मारामारी आदल्या दिवशी संपल्यावर. एका बाजूला उंधियो आणि जिलबी, दुसऱ्या बाजूला तांब्या. उमेदवाराचं नाव पुकारलं की मूठ तांब्यात घालायची. हो असेल तर बोर टाकायचं, नाही असेल तर भुईमुगाची शेंग, जिला आम्ही बडोदेकर शिंग म्हणतो. पहिल्या वर्षी नावं पुकारायच्या आत दिघे सरांनी आपली सगळी मतं खाऊन टाकली, म्हणून पुढे बोरं-शिंगा ताईच्या ताब्यात राहू लागल्या.

मतदानाआधी चर्चा व्हायची, आणि ती ऐकायला आजूबाजूच्या गच्च्यांवरचे लोक फिरकी खाली ठेवायचे. काशीनाथ नावाचे एक लेगस्पिनर पहिल्या झटक्यात भिंतीवर गेले. रमणभाई सलामीला यायचे आणि जेवणाच्या सुटीपर्यंत हलायचे नाहीत. त्यांना तीन वर्षं लागली, कारण जेवणानंतर ते पहिल्याच चेंडूवर बाद व्हायचे. भावोजींचं म्हणणं, हा खेळाडूचा दोष की स्वयंपाक्याचा, हे आधी ठरवा. एका उत्तम वेगवान गोलंदाजाला त्यांनी पंचांकडे डोळे वटारल्याबद्दल कायमचं नापास केलं. तो बिचारा नंतर घरी येऊन सांगून गेला, की त्याचे डोळेच तसे आहेत.

आणि दरवर्षी शेवटी माझं नाव यायचं. जयंतीभाई सुचवायचे. उमेदवाराला मत नव्हतं, म्हणून मी पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहायचो. मग भावोजी टोपी सारखी करून उठायचे आणि करजणचा झेल सुरू व्हायचा. थंडीतला, संध्याकाळी संपलेला तो सामना आम्ही एका गड्यानं हरलो होतो. समोरच्यांचा शेवटचा फलंदाज, उंच उडालेला चेंडू, खाली मी, आणि चेंडू माझ्या ग्लोव्हजमधून जमिनीवर. मी म्हणायचो, डोळ्यांत ऊन आलं. भावोजी म्हणायचे, "तुझं तोंड दक्षिणेकडे होतं. सूर्य पश्चिमेला मावळतो. तो वळून तुझ्या डोळ्यांत कशाला येईल, तुझं त्याचं काय नातं?" गच्चीवर हशा. मग मतदान. तांब्या उपडा केला की तीन बोरं आणि एक शिंग. दरवर्षी. जयंतीभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "शुं करीए, अरुणभाई, एक शिंग आडी आवी." आणि आम्ही दोघंही भावोजींकडे बघायचो. ते शांतपणे जिलबी खात असायचे.

कोणाला हसू येईल, पण मला ती भिंत हवी होती. मी बँकेत नोकरी केली, ती कोणाच्या लक्षात राहणार नाही. उकिडवं बसून गुडघे झिजवले ते मात्र कुठेतरी लागावेत असं वाटायचं. त्यातून भावोजींचा अन्याय असा, की अमेरिकेतल्या एका कॅचरवर त्यांचा भारी जीव. कॅचर म्हणजे त्यांचा यष्टिरक्षकच. त्याला तिथल्या दालनात घेत नव्हते. दर रविवारी मुलीचा फोन आला की नातवाच्या आधी हे विचारायचे, "त्या कॅचरचं काय झालं?" मग फोनवर सगळ्यांना ऐकू जाईल असं भाषण. "अरे, धावा काय कोणीही काढतो. सबंध जन्म उकिडवं बसून दुसऱ्याचे चेंडू झेलले त्या माणसानं. एखादा सुटला असेल. म्हणून काय आत घ्यायचं नाही?" मी समोर बसून हे ऐकायचो आणि रागानं चहा न पिता उठायचो.

एकदा मी चिडून म्हटलं, चला करजणला, जागेवर दाखवतो. त्यांनी लगेच स्कूटर काढली. खिशात कारखान्यातून आणलेलं होकायंत्र, आणि त्याच दिवसांतली तीच वेळ. हायवेनं कुडकुडत गेलो, तर मैदान जागेवर नाही. तिथे पार्टी प्लॉट झालेला, वर पांढरा मांडव ताणलेला, आणि कोणाच्या तरी लग्नाची पंगत बसायच्या बेतात. भावोजींनी न बिचकता होकायंत्र लावून माझी जागा काढली. ती नेमकी बटाटे सोलायला बसलेल्या बायकांच्या मधोमध आली. मला तिथे दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं आणि एक बटाटा वर उडवला. तो मांडवाच्या कापडाला लागून परत आला आणि मी झेलला. "बघा," मी म्हटलं. "यात काय," ते म्हणाले, "आज सावली आहे." तेवढ्यात मुलीचे वडील धावत आले, आम्हाला वरपक्षाचे समजून हात जोडून पानावर बसवलं. दाळ-भात, बटाट्याचं शाक, मोहनथाळ. भावोजींनी मोहनथाळाला तूप कमी आहे असं यजमानांना सांगितलं, आणि त्यांनी वरपक्षाचं म्हणणं म्हणून मान खाली घालून ऐकून घेतलं. परतताना मागे बसून मी इतका हसलो, की स्कूटर डुगडुगायला लागली. त्या माणसाशी भांडण्यात जे सुख होतं ते पुष्कळ लोकांशी पटवून घेण्यात मला मिळालेलं नाही.

यंदाची उत्तरायण त्यांच्यामागे महिन्याभरात आली. सण करायचा नव्हता. मी वासी उत्तरायणाला ताईजवळ नुसता बसायला म्हणून गेलो, तर तिनं तांब्या घासून ठेवलेला. म्हणाली, "सण नाही करायचा. मतदान काही सण नाही." जयंतीभाई आले, दिघे सर काठी टेकत आले. गच्चीवर न जाता बैठकीतच बसलो. भावोजींच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही. तिच्या पाठीला ती निळी टोपी अडकवलेली होती. माझं एकच नाव. करजणबद्दल कोणी काही बोललं नाही, आणि ती शांतता मला सोसवेना. तांब्या उपडा केला. तीन बोरं.

"झालं," मी म्हटलं. "भावोजी नाहीत म्हणून झालं."

ताईनं बोरं उचलून वाटीत ठेवली. "ते दरवर्षी बोरच टाकायचे," ती म्हणाली. "शिंग माझी."

जयंतीभाई आणि मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत होतो.

"बघतोस काय असा? तू भिंतीवर गेला असतास तर रोज संध्याकाळी भांडायला आला असतास का? निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरं होतं काय? तू येऊन गेलास की दोन घास जास्त जेवायचे... त्यांनाही माहीत होतं शिंग कोणाची ते. एकदा मला म्हणाले, तुझ्या भावावर अन्याय करतेस. पण थांबव असं नाही म्हणाले."

मग तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मधोमध, काशीनाथ आणि रमणभाईंच्या बरोब्बर मध्ये ते इतकी वर्षं लटकत होतं, आणि हे इथे का, असं मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. तो खिळा भावोजींनी माझ्यासाठी मोजून ठोकलेला होता. फ्रेम कपाटामागे तयार होती. त्यात मी, ग्लोव्हज घातलेला, उकिडवा, आताच्या मानानं पुष्कळ केसांचा.

आता माझा फोटो तिथे आहे, त्यांच्या खुर्चीच्या अगदी समोर. मी अजूनही संध्याकाळी जातो. ताई आत चहा टाकते तेवढा वेळ मी आणि ती टोपी, दोघंच असतो. परवा मी टोपीला सगळं नीट समजावून सांगितलं, खिडकीचं, चहाच्या भांड्याचं, थंडीतल्या दक्षिणेकडे कललेल्या सूर्याचं. भावोजी, ऊन डोळ्यांतच होतं. आता बोला.