पुरचुंडीखालचं पाणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मी लाजत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. पीएचडीला लागलो तेव्हा रिसोडजवळच्या आमच्या गावात वस्तीतल्या लोकांनी विहारात सत्कार ठेवला. शाल दिली, हातात माईक दिला आणि म्हणाले, "तू तिथं काय करून राह्यला, थे जरा दाखव."

मी पाण्यातली कीटकनाशकं, रंग, असली घाण पकडून ठेवणारी भुकटी बनवतो. तिच्या कणाकणात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात. छिद्रांच्या भिंती अर्ध्या सिलिकाच्या, अर्ध्या सेंद्रिय रेणूंच्या. घाण आत शिरते आणि भिंतीला चिकटून बसते. त्या दिवशी मी होळीचा उरलेला गुलाबी रंग पाण्यात कालवला, भुकटी टाकून ढवळलं आणि घडी घातलेल्या कापडातून गाळलं. पाणी नितळ. टाळ्या पडल्या. "शुद्ध पाणी," मी माईकवर म्हणालो.

रंग तिला सहज पकडता येतो, फवारणीचं औषध तितकं नाही, हे मला ठाऊक होतं. छिद्रं भरली की भुकटी संपली, मग ती लॅबमध्ये अल्कोहोलने धुवावी लागते, हेही ठाऊक होतं. पिण्याच्या पाण्यासाठी ती अजून कुणी तपासलेलीच नव्हती. माझ्या पीएचडीच्या सरांनी मला तसं बजावलंही होतं. पण एवढं सगळं सांगितलं असतं तर टाळ्या कमी पडल्या असत्या.

कार्यक्रम संपल्यावर मोठी माय आली. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. तिच्या वावरातल्या विहिरीच्या काठावर आजूबाजूचे लोक फवारणीचे पंप धुतात, म्हणून ती ते पाणी पीत नसे. रोज घरून कॅन भरून डोक्यावर न्यायची. "मलेबी दे ना तुही पूड," ती म्हणाली. मी अख्खी बरणी दिली. जपून वापर म्हणालो. किती जपून, ते नाही सांगितलं.

सोयाबीनच्या निंदणाच्या दिवसांत पुन्हा गावी आलो. वावरात गेलो तर कॅन नव्हता. झाडाखाली माठावर माठ ठेवलेला. वरच्यात विहिरीचं पाणी, त्याच्या बुडाला भोक, भोकावर फडक्यात बांधलेली माझ्या भुकटीची पुरचुंडी. तीच, सत्कारापासूनची. मोठ्या मायने हौसेने मला गिलास भरून दिला. मी दोन घोट घेतले. तिच्यासमोर नाही म्हणवेना.

दोन्ही माठांतलं पाणी बाटल्यांत भरून लॅबवर नेलं. खालच्या पाण्यात औषध वरच्यापेक्षा जास्तच निघालं. भरलेली भुकटी धरलेलं परत सोडत होती. आलेख सरांना दाखवायच्या आधी मी एसटी पकडली.

मोठी माय निंदत होती. मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहूनच बोललो, "मोठी माय, थे पाणी पिऊ नको."

"काहून? तुहीच पूड हाय ना."

"भरली थे. इतके दिस पुरत नाई. अन् पिण्यासाठी नोहेच थे."

तिनं खुरपं खाली ठेवलं. "हे तुले कवा मालूम पडलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. परवाच लॅबमध्ये कळलं, एवढंच म्हणायचं. "पहिलेपासूनच मालूम होतं," मी म्हणालो.

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलला? माईक तर तुह्याच हातात होता."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती उठली, दोन्ही माठ आडवे केले, पुरचुंडी सोडून माझ्या हातात ठेवली. मग म्हणाली, "चाल. सोबतच्या बायायलेबी म्या थोडी थोडी वाटली. पोरानं बनवली म्हणून सांगतलं साऱ्यायले."

"किती घरी?"

"चालशील तं समजन."

ती पुढं, मी मागं. पहिल्याच घरात बाईनं खाटेवर चादर अंथरली, "बसा साहेब," म्हणाली आणि पाणी आणायला आत वळली. मी बसलो नाही. "पाणी राहू द्या," म्हणालो, आणि उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली.