टर्कीच्या पोटातलं सारण

व्हर्ना केसलरच्या हातचं पावाचं सारण आमच्या गावात नावाजलेलं होतं, पण ते मागून घ्यायची सोय नव्हती. चर्चच्या जेवणासाठी बायका तिच्याकडून लोणची, बीटच्या रसात मुरवलेली लाल अंडी, गोड ‘ॲपल पाय’ असं काहीही करून घेत. सारणाचं नाव काढलं की मात्र ती म्हणे, "ते पक्ष्याच्या पोटात शिजतं. पक्षी घरचा, खाणारे घरचे. सभागृहाच्या लांबलचक टेबलावर ते कशाला?" आजकाल पुष्कळजणी सारण वेगळ्या ट्रेमध्ये भाजतात. व्हर्नाच्या लेखी तो नुसता ओला पाव.

पेनसिल्व्हेनियातल्या या भागात जुन्या जर्मन घराण्यांची शेतं आहेत. व्हर्ना पलीकडच्या खोऱ्यातल्या गिरणीवाल्याची मुलगी. लग्न होऊन हार्लनच्या गोठ्यावर आली तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, टर्कीला सासूनं तिला कित्येक वर्षं हात लावू दिला नव्हता. "तू पाव फाड," एवढंच. पाव कापायचा नाही, हातानं फाडायचा, म्हणजे त्याच्या खरबरीत कडा लोणी धरून ठेवतात. व्हर्ना पाव फाडत राहिली आणि डोळे उघडे ठेवून बाकीचं बघत राहिली. एका वर्षी सासूचे हात थरथरायला लागले. म्हातारीनं मोठं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. त्यानंतर सारण व्हर्नाचं झालं.

पुढे मुलं मोठी झाली आणि ती शाळेची बस चालवायला लागली. बर्फातल्या अरुंद रस्त्यांवर बस नेताना ती मागच्या पोरांना आडनावानं दरडावायची. माझी मुलं तिच्याच बसमधून शाळेत गेली. आमची ओळख झाली ती तिथं, फाटकाशी उभ्यानं बोलता बोलता.

हार्लन आजारी पडला त्या वर्षीची ही गोष्ट. उन्हाळा संपता संपता केमो सुरू झाली. एकेकाळी वासराला काखेत उचलून नेणारा हा माणूस. आता त्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये दोन माना मावल्या असत्या. डॉक्टरांनी व्हर्नाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांच्या रक्तात आता लढायची ताकद उरलेली नाही. तुमचं-माझं पोट बिघडलं तर एक दिवस झोपून काढू. यांचं बिघडलं तर जिवावर बेतेल." तेव्हापासून ती पेले उकळत होती, भाज्या चारचारदा धूत होती. पण हार्लन खातच नव्हता. "सगळ्याला नाण्याची चव येते," म्हणायचा. दोन चमचे सूप घ्यायचा आणि वाटी सरकवायचा.

ऑक्टोबरात व्हर्ना अंगणातल्या छोट्या वाफ्यातलं केशर खुडत होती. इथल्या जुन्या घरांतून केशराचे कंद पिढ्यान्पिढ्या जपलेले असतात आणि सारणाला त्याचाच रंग लागतो. हार्लन खिडकीशी बसून बघत होता. तो आपणहून म्हणाला, "या वर्षी सारण खाईन मी." व्हर्नानं मला हे सांगितलं तेव्हा तिची बोटं अजून पिवळी होती.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या संध्याकाळी तिनं सगळं नेहमीसारखं केलं. कांदा आणि सेलरी लोण्यावर मऊ केली, पार निवू दिली. फाडलेला पाव, पार्सली, केशर भिजवलेलं दूध, फेटलेली अंडी असं सगळं हलक्या हातानं एकत्र केलं. टर्कीच्या पोटात भरून दोऱ्यानं शिवलं आणि पक्षी मागच्या उन्हाळी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. ही अंगणातली वेगळी खोली. पूर्वी उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून चूल तिथं असायची; जुनी लोखंडी शेगडी अजून तिथंच आहे. थंडीत तीच घरातली सगळ्यात गार जागा. एवढा मोठा पक्षी फ्रिजमध्ये कधी मावलाच नाही. सासूही तिथंच ठेवायची. त्या संध्याकाळी बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती. व्हर्नानं ती बोटानं फोडून पाहिली आणि निर्धास्तपणे आत आली.

सकाळी मी बटाटे सोलायला गेले तेव्हा टर्की ओव्हनमध्ये होती.

"एलमनं आणून ठेवली," व्हर्ना म्हणाली. एलम म्हणजे हार्लनचा धाकटा भाऊ. शेताच्या कडेच्या लहान घरात एकटाच राहायचा, कोंबड्या पाळायचा. "पहाटेच आला. न सांगता काम केलंय गड्यानं. जन्मात पहिल्यांदा!"

"मी ऐकतोय हं," एलम कोपऱ्यातून लाकडं रचता रचता म्हणाला. एरवी त्यानं यावर लांबलचक टोमणा मारला असता. त्या दिवशी एवढंच.

थोड्या वेळानं वास सुटला. तांबूस होणारं लोणी, कांदा आणि त्याच्या मागून येणारं केशर. मी तिसरा का चौथा बटाटा सोलत होते. जिना वाजला. व्हर्नाचा हात नळाखाली तसाच राहिला. हार्लन गेले कित्येक दिवस कुणाच्या आधाराशिवाय खाली आला नव्हता. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. दारात उभा राहून तो म्हणाला, "भूक लागलीय."

व्हर्ना वळलीच नाही. नळ बंद करायला तिला बराच वेळ लागला.

"दुपारपर्यंत थांबावं लागेल, म्हाताऱ्या."

"थांबतो की. पण सारण आधी मला. मांस तुम्ही पोराटोरांनी खा." त्यानं खुर्ची ओढली, खणातून चमचा काढला आणि तो हातात धरून ओव्हनसमोर बसून राहिला, गाडीची वाट बघत असल्यासारखा.

पक्ष्याला वरून लावायला लोणी हवं होतं. व्हर्ना ते आणायला मागच्या उन्हाळी स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा तिच्या हातात लोण्याचं मडकं होतं. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. मी आत पाहिलं. लोणी वितळून पुन्हा थिजलं होतं. वर पिवळा तुपकट थर, खाली पांढरं पाणी.

"एलम," ती म्हणाली, "मागची खिडकी उघडी का आहे?"

"हवा यायला."

"कुणाला? लोण्याला?"

एलमनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "कोट वाळत घातला होता माझा. शनिवारी हरणांची शिकार सुरू होतेय. घरात वाळवला तर साबणाचा वास धरतो, हरीण मैलभरावरून पळतं."

"आणि शेगडी?"

"थोडीशी पेटवली होती."

"कधी?"

"काल तू दिवा मालवून गेलीस त्यानंतर. विझवायला येणारच होतो, व्हर्ना. खुर्चीत बसलो आणि डोळा लागला."

"पहाटे आलास तेव्हा किती गरम होतं आत?"

त्यानं खाली ठेवलेलं लाकूड पुन्हा उचललं.

"एलम, मी विचारतेय."

"पावाचं पीठ फुगलं असतं," तो म्हणाला. "एवढं."

हार्लनच्या हातातला चमचा टेबलावर टेकला. ओव्हनमध्ये चरबी तडतडत होती आणि तो वास आता इतका दाट झाला होता की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. मला त्याची लाज वाटली.

"अगं, पण ओव्हनच्या आगीत सगळं मरतं," एलम घाईघाईनं बोलायला लागला. "हवं तर तासभर जास्त ठेव. आई सगळं उघड्यावर ठेवायची. मेलं का कुणी?"

"तुझ्या आईच्या घरात केमोचा माणूस नव्हता."

"मरतं गं सगळं."

"तुला ठाऊक आहे?"

"म्हणजे... लोक म्हणतात."

"मलाही ठाऊक नाही," व्हर्ना म्हणाली. "रात्रभर ऊबेत पडलेलं कच्च्या अंड्याचं सारण आहे. भाजून त्यातलं काय जातं आणि काय उरतं ते तुलाही ठाऊक नाही, मलाही नाही."

"कुणी मलाही विचारा," हार्लन म्हणाला. त्याचा आवाज बारीक होता पण चढलेला. "खाणार मी आहे. इतक्या दिवसांनी माझ्या जिभेला काहीतरी हवंसं वाटलंय. उद्या वाटेल याची खात्री देतेस? एक चमचा दे. होईल ते माझ्या डोक्यावर."

"नाही."

"व्हर्ना, मी तसाही..."

"मरशील तेव्हा मरशील," ती म्हणाली. "माझ्या हातच्या सारणानं नाही."

तिनं जाड हातमोजे चढवले. एलम पुढे झाला, "जड आहे, मी घेतो." "हात लावू नकोस." तिनं ओव्हन उघडला. पक्षी सुरेख सोनेरी झाला होता. शिवणीतून सारण फुगून बाहेर डोकावत होतं, कडेला कुरकुरीत, आत पिवळंधमक. हार्लनच्या नाकासमोरूनच तिला तो न्यावा लागला, दुसरी वाट नव्हती. त्यानं तोंड फिरवलं नाही. ट्रे दाराबाहेर जाईपर्यंत तो बघत होता. मग चमचा खणात परत ठेवून, कठडा धरून, वर निघून गेला.

कुत्र्यानं उकरू नये म्हणून पक्षी खोल पुरायला हवा होता. जमीन गोठलेली. एलमच्या कुदळीचे घाव स्वयंपाकघरात ऐकू येत होते आणि प्रत्येक घावाला व्हर्नाचे खांदे किंचित उडत होते. ती रडत नव्हती. ताजा पाव फाडत होती. ताज्या पावाचा लगदा होतो, म्हणून तुकडे ओव्हनमध्ये वाळवायला घातले.

"पक्षी कुठाय पण?" मी हळूच विचारलं.

"बघू," ती म्हणाली. "हात रिकामे राहिले तर मी त्या एलमला त्याच खड्ड्यात घालीन."

बऱ्याच वेळानं मागच्या पायरीवर पावलं वाजली. एलम उभा होता, हातात सोललेली कोंबडी. तो उंबरा ओलांडेना.

"अंड्यावरची आहे," तो म्हणाला. "म्हातारी नाही."

"पोट साफ केलंस?"

"हो."

"दाखव."

तिनं ती उजेडात धरली, आत बोटं घालून पाहिलं, पुन्हा धुतली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बूट पूस आणि आत ये. कांदा चिर. बारीक."

मुलगा, सून, नातवंडं दुपारी आली. धाकट्या नातीनं सगळीकडे शोधून विचारलं, "आज्जी, टर्की कुठे?" एलम कांद्यानं लाल झालेले डोळे पुसत म्हणाला, "काकाआजोबांनी पुरली. अक्कलही सोबत घालणार होतो, पण ती आधीच कुठे सापडेना." मुलं हसली. व्हर्ना हसली नाही, पण तिनं त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

या खेपेला सारण तिनं ओव्हनच्या दाराशी उभी राहून भरलं आणि भरताक्षणी आत सरकवलं. शिजल्यावर पोटाच्या पार मध्यभागी तापमापक खुपसून पाहिलं, समाधान होईना म्हणून पुन्हा आत ठेवलं, पुन्हा पाहिलं. जेवायला बसलो तेव्हा अंधारून आलं होतं.

हार्लनला मुलानं खाली आणलं. सगळ्यांच्या आधी त्याच्या ताटलीत सारण पडलं. त्यानं चमचाभर तोंडात घेतलं. टेबलावर कुणी काटा उचलला नव्हता. तो चावत राहिला, गिळलं, पाणी प्याला.

"नाण्याची चव," तो म्हणाला. कडवटपणे नव्हे, हवा कशी आहे ते सांगावं तसं. "सकाळी लागलेली भूक गेली."

एलमनं खाली घातलेली मान वर केली नाही. व्हर्नानं ताटली उचलली. "असू दे. झाकून ठेवते. तुम्ही जेवा रे." कोंबडी एवढ्यांना पुरणार कशी? वाट्याला दोन-दोन घास आले आणि पोटं बटाट्यांनी भरली. निघताना व्हर्ना मला दारापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बरोबर केलं ना गं मी?" मी हो म्हटलं. तिला ते पुरलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सोलणी तिथं राहिली म्हणून गेले. खरं तर मला राहवत नव्हतं. मागच्या दारातून बघते तर एलम उंबऱ्याशी टोपी हातात घेऊन उभा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

व्हर्ना शेगडीपाशी होती. उरलेलं सारण फ्रिजमध्ये घट्ट झालं होतं. त्याच्या जाड चकत्या करून ती लोण्यावर परतत होती. इथं न्याहारीला तसंच खातात. टेबलाशी हार्लन बसला होता. त्याच्यापुढची ताटली रिकामी होती, तळाला थोडं लोणी चमकत होतं.

"हे कोंबडीचं आहे," तो म्हणाला. "टर्कीच्या पोटातलं वेगळं लागतं."

"कळतंय का तुला?"

"कळतंय म्हणून तर सांगतोय. मिरीही कमी आहे."

"मिरी कमी आहे," व्हर्ना तव्याकडे बघत म्हणाली. "बरं."

"अजून एक चकती आहे का?"

"आहे."

ती वळली नाही. त्याच्याकडे पाठ करूनच उभी राहिली, आपण वळलो तर तो खायचा थांबेल अशी भीती वाटल्यासारखी. चकती खालून तांबूस झाली, तिनं ती उलटली आणि दुसरी बाजू होईपर्यंत कालथा दोन्ही हातांनी धरून ठेवला.