जज्जसाहेबांचा पाहुणचार

एफ्रेम थर्लो आधी वकील होता, मग आमदार झाला आणि शेवटी न्यायाधीश. तिन्ही ठिकाणी त्याच्या अंगी गुण एकच, वारा फिरायच्या आत आपण फिरायचे.

त्याच्या निवडणुकीच्या वेळी कॉर्डव्हिलमध्ये मतदार ओट्यावर चढून आपल्या उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगत, तेच मत. थर्लोचे नाव घेणाऱ्याला समोरच्या डेनिस क्विगलीच्या खानावळीत फुकट व्हिस्की मिळे. डेनिस आधी कचरत होता. तेव्हा थर्लो वकीलसाहेबांनीच त्याला कायदा समजावला होता, "पाजणं गुन्हा नाही रे, पाहुणचार आहे." त्या पाहुणचारावर थर्लो निवडून आला. पुढे सरकार बदलताच तो समोरच्या बाकावर जाऊन बसला आणि बक्षीस म्हणून न्यायासन घेऊन आला.

बऱ्याच वर्षांनी डेनिसने दुसऱ्या उमेदवारासाठी तसेच पाजले. या वेळी तक्रार झाली आणि खटला थर्लोपुढेच आला. गावात उतरायला दुसरी जागा नसल्याने जज्जसाहेब डेनिसकडेच उतरले. सकाळी त्याच्याच हातचे डुकराचे मांस खाल्ले आणि खारट झाल्याचे तेवढे सांगितले.

कोर्टात सरकारी वकिलाने विचारले, ही पद्धत तुला कोणी शिकवली? डेनिसचे सारे घर दारूच्या परवान्यावर चालत होते. खरे बोललो तर परवाना गेलाच, गप्प राहिलो तर साहेब जुनी ओळख ठेवतील, असे त्याला वाटले. त्याने वर पाहिले. थर्लो चष्मा पुसत होता.

"जुनी रीत आहे," डेनिस म्हणाला. "पाहुणचार म्हणतात त्याला."

थर्लोच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. खानावळवाल्यांनी देशाची नीती कशी बुडवली यावर त्याने लांबलचक प्रवचन दिले आणि परवाना रद्द केला.

संध्याकाळी बर्फ झटकत तो खानावळीत आला, शेगडीपाशी पाय पसरून बसला आणि नेहमीचा पेला मागितला. वर म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, डेनिस. कायदा तो कायदा."

डेनिसने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "खरंय, साहेब. आता पाजणं गुन्हा आहे."

भोवतालची माणसे आपापल्या पाइपात तंबाखू ठासत राहिली. थर्लोने एकदा सगळ्यांकडे पाहिले आणि पाणी प्यायला. तेही फुकटच.