मक्याची भूक ओळखणाऱ्या शेवंतामावशी

सुदुंबऱ्याच्या शेवंतामावशी मक्याला युरिया देण्याआधी रांगेत वाकून रोपांची पानं मोजत. एकाच रोपाची नव्हे, दहा-बारा रोपांची. मी कृषी सहायक म्हणून नुकतीच रुजू झाले होते. छापील तक्ता पुढे करत म्हणाले, "मावशी, पेरणीला महिना झाला. दुसरा हप्ता द्या आता."

मान वर न करता त्या म्हणाल्या, "तारीक तुमच्या कागदाला कळती, मॅडम. मक्याला भूक कळती, ती पानं मोजून वळखायची."

साठी उलटलेली ही बाई दीड एकर एकटीने कसायची. युरियात कुटलेली निंबोळी पेंड मिसळून दिवसभर झाकून ठेवायची. "नुसता युरिया पान्यासंगं पळतो. पेंड त्याला धरून ठिवती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या पावसाळ्यात खताची गाडी उशिरा आली. आभाळ भरलेलं असूनही मी घाईने सगळ्यांना सांगितलं, "आजच टाका." सगळ्यांनी टाकला. मावशींनी मात्र गोण्या पडवीतून हलवल्या नाहीत. "वढ्याला युरिया घालायचा व्हय?" म्हणाल्या.

तीन दिवस पाऊस कोसळला. पुढच्या आठवड्यात गावचा मका खालच्या पानांपासून पिवळा पडत गेला. फक्त मावशींचा हिरवागार. चिडलेली माणसं समाजमंदिरात जमली. पाऊसच जास्त झाला, असं मी सांगू लागले, तोच शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "चुकलं म्हना. मानसं ऐकत्यात."

मी उभी राहून म्हणाले, "माझं चुकलं."

कुणी काही बोलायच्या आत मावशी उठल्या. "झालं ते झालं. तुरा यायला येळ हाय अजून. पानी वसरलंय, आता थोडा थोडा द्या, बुडाशी, मातीआड." चार दिवस त्या मला घेऊन रानोरान फिरल्या. खोलगट रानांतला मका गेला तो गेलाच. बाकीचा सावरला.

गेल्या रब्बीत मावशी अचानक वारल्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्या रानावर गेले, तर गावच्या पाच बायका तिथल्या मक्याला खत देत होत्या. मावशी बुडाशी माती किती ओढायच्या यावरून त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. मला कुणीही काही विचारलं नाही. त्यांना आता माझ्या कागदाची गरज नव्हती, याचं फार बरं वाटलं. चपला बांधावर काढल्या आणि मीही रांगेत उतरले.