काळ्या चहावर काढलेलं हृदय

पन्नाशी ओलांडली तरी माझा एक समज पक्का होता: आकडे मला कळतात, बाकीच्यांना नुसते मोजता येतात. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे ना! तेव्हाची ती मी आज समोर आले तर मी तिचा कान पिरगाळीन.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कळंब्याच्या तळ्यावर फिरताना ह्यांच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी हृदयाचा स्कॅन सांगितला. कोल्हापुरात असलं यंत्र तेव्हा नवंच होतं. किरणं सोडणारं औषध ह्यांच्या शिरेत टोचलं आणि तंत्रज्ञ बाईंनी मला चिठ्ठी दिली: साईचं दूध, लोणी-पाव द्या, तासाभरानं या.

छातीच्या दुखण्याला साय? मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली. कोपऱ्यावर म्हशी बांधलेल्या, लोक उभ्याउभ्या ताजं दूध पीत होते. ह्यांची मान तिकडं वळलेली.

"अगं, लिहून दिलंय की!"

"लिहिणारीला काय कळतंय? चला," म्हणत मी त्यांना काळा चहा आणि दोन कोरडी बिस्किटं दिली.

स्कॅन सुरू झाला. कॅमेरा ह्यांच्याभोवती फिरत होता आणि मी पडद्याशेजारी खुर्ची ओढून बसले होते.

"हे चित्र बनतं कसं?" मी विचारलं.

तंत्रज्ञ बाई शाहूवाडीकडच्या, बोलायला मोकळ्या. "मॅडम, कॅमेऱ्याला एवढंच कळतंय की ह्या बाजूनं इतकी किरणं आली. आतनं नेमकी कुठनं, ते न्हाय कळत. मग कॉम्प्युटर आधी सगळीकडं सारखंच औषध हाय असं धरतोय. तसं असतं तर किती किरणं आली असती, ते काढतोय. खऱ्या आकड्यांशी ताडून बघतोय. कमी पडलं तिथं वाढवतोय, जास्त झालं तिथं घटवतोय. परत तेच."

मी थक्क. हाती आलेले आकडे कोणत्या चित्रातून येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेच शोधणं हे! वीस वर्षं फळ्यावर मांडलं आणि कधी हालताना पाहिलं नव्हतं.

पडद्यावर राखाडी धुक्यातून हृदयाच्या भिंतीचं एक कडं उमटलं. खालच्या बाजूला मात्र काळवंडलेलं. डॉक्टर येऊन बघून गेले. "खाली रक्त कमी पोचतंय. हे असंच असेल तर बायपासची तयारी ठेवा."

बायपास म्हणजे छाती उघडायची! पण माझं तोंड? ते चालूच.

"अजून दहा फेऱ्या चालवा. जितक्या जास्त, तितकं खरं."

बाईंनी चालवल्या. कड्यावर खडी पसरावी तसे ठिपकेच ठिपके उमटले.

"बघा. आता ते किरणांच्या चढउतारालाच खरं मानायला लागलंय. जास्त ताणायचं न्हाई." मग त्यांनी हृदयाखालच्या पांढऱ्याशुभ्र गोळ्यावर बोट ठेवलं. "हे यकृत. औषध अजून तिथंच बसलंय, म्हणून शेजारचं चित्र बिघडलंय. साय-लोणी पोटात गेलं की ते तिथनं निघून जातंय. दूध दिलंसा न्हवं?"

मी पर्समधली चिठ्ठी चाचपली. यंत्राच्या टेबलावरून ह्यांचा आवाज आला, "काळा चहा पाजलाय हिनं!"

बाई अगदी हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम्हीच आकडे नासवलासा आणि वर फेऱ्या वाढवायला सांगताय व्हय?"

मी धावत जाऊन दूध आणलं. ह्यांनी दोन पेले रिचवले, वर मिशा पुसून माझ्याकडं बघितलं. तासाभरानं पुन्हा कॅमेरा फिरला. आधी राखाडी, मग पुसट वळण, मग बाजू. मी श्वास धरून खालच्या कडेकडं बघत होते. ती भरत गेली. कडं मिटलं, कुठं खंड नाही.

डॉक्टर म्हणाले, छाती उघडायची गरज नाही. गोळ्या घ्या, फिरणं चालू ठेवा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं टिपून मी बाईंकडं वळले.

"एकदा परत दाखवता? अगदी पहिल्या राखाडीपासून?"

ह्यांनी शर्टाची बटणं लावली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. "अगं, मी बरा हाय. चल की आता!"

"आलेच," म्हणत मी खुर्ची आणखी पुढं ओढली.